एकाचा शब्द तिघांचा

माझ्या वडिलांना मारणाऱ्या माणसाने आधी शिडी ओढली. सकाळचे सव्वादहा वाजले होते. रस्ता वाहता होता आणि समोरच्या सलूनमध्ये दोन माणसं तोंडाला फेस लावून बसली होती. बाबा खांबाला टेकवलेल्या शिडीच्या वरच्या पायरीवर होते, कमरेचा पट्टा अजून अडकवायचा होता. ते पाठीवर पडले. कोपरावर जोर देऊन उठू बघत होते, तेव्हा त्या माणसाने त्यांच्याच पिशवीतला हातोडा काढला. घाव किती घातले याबद्दल साक्षीदारांचं एकमत नाही. सलूनवाला पाच म्हणतो, गिऱ्हाईक नऊ म्हणतं. शवविच्छेदनाच्या अहवालात सात आहेत. मी सात धरते.

नंतर तो माणूस फुटपाथच्या कडेला बसून राहिला. पोलीस आले तेव्हा त्याने हातोडा दांड्याकडून त्यांच्या हातात दिला आणि एकच वाक्य सांगितलं: तो माझ्याशी खोटं बोलला.

दादाला या वाक्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्याचं टायरचं दुकान आहे. जे सैल झालं ते आवळायचं, जे फुटलं ते बदलायचं, एवढा त्याचा हिशेब. खुन्याच्या तोंडचं काय घेऊन बसलीस, म्हणाला. पण मी छापखान्यांसाठी मुद्रितं तपासते. एक वाक्य खुपलं की पुढचं पान वाचता येत नाही. त्या माणसाला किती वर्षांची शिक्षा होते याची मला फिकीर नव्हती. माझे वडील खोटं बोलले होते का, एवढंच मला हवं होतं.

बाबा इंटरनेटच्या लाइनी ओढायचे, तुटल्या की जोडायचे. आमच्या भागात तीन कंपन्या होत्या. तिघींच्या तारा एकाच खांबावरून जायच्या, आणि तिघींची माणसं एकमेकांच्या तारा कापायची. लंबूकाका दुसऱ्या कंपनीचे. सहा फूट दोन इंच, त्यामुळे शिडी लागते कशाला असं त्यांना सगळे विचारायचे. बाबांची आणि त्यांची पहिली ओळख एका खांबाखाली मारामारीत झाली. त्यात बाबांचा पुढचा दात पडला आणि लंबूकाकांचा कान फाटला. तिसऱ्या कंपनीचा एक जण होता, त्याला सगळे चष्मा म्हणायचे. तो मारामारीत नसायचा, चष्मा सांभाळत बाजूला उभा राहायचा.

या तिघांना एकत्र आणलं ते एका गिऱ्हाइकाने. त्याने वैतागून तिन्ही कंपन्यांना एकाच वेळी घरी बोलावलं आणि विचारलं, माझी लाइन कशी आहे? तेव्हा प्रत्येक कंपनीचे स्वतःचे शब्द होते आणि माणसांना तेच वापरायची सक्ती होती. बाबा म्हणाले, सेवा स्थिर आहे. लंबूकाका म्हणाले, मर्यादित आहे. चष्मा म्हणाला, सर्वसाधारण गटात मोडते. गिऱ्हाइकाने शांतपणे दाराला आतून कडी घातली. म्हणाला, तुमच्यातले दोघे चोर आहेत. मग पलंगाखालून लोखंडी कांब काढून त्याने तिघांनाही झोडपलं. चोर दोघे कोणते ते शोधत बसायला त्याला वेळ नव्हता, असं बाबा नंतर सांगायचे. सांगताना हसायचे आणि बरगडी धरायचे.

बरगड्या त्यांच्या दोन मोडल्या होत्या. लंबूकाकांचं मनगट. चष्म्याचा चष्मा, आणि त्याखालचं हाड. अपघात विभागाच्या बाकावर तिघे ओळीने बसले असताना बाबांनी एक्स-रेच्या पाकिटाच्या मागे पाच शब्द लिहिले. उद्यापासून गिऱ्हाइकासमोर तिघांनी हेच बोलायचं, म्हणाले, कंपनी गेली खड्ड्यात.

धावते: घरातला जो तो एकाच वेळी आपापला सिनेमा बघू शकतो. चालते: समोरच्याचा चेहरा दहा मिनिटं न गोठता दिसतो. रांगते: अक्षरं येतात, चित्रं येत नाहीत. येते-जाते: कशाचाच भरवसा धरू नये. मेली: मेली.

सहावी ओळ लंबूकाकांनी घालायला लावली. एकाने शब्द दिला की तो तिघांचा. गिऱ्हाइकासमोर कुणी कुणाचा शब्द खोडायचा नाही. काही चुकलं असेल तर बाहेर येऊन आईबहिणीवरून शिव्या द्याव्यात, पण आत तोंड एकच.

हे पसरलं. वर्षभरात त्या भागातले चाळीसेक लाइनवाले हेच बोलू लागले, आणि खरोखर मार कमी झाला. लोकांना शब्द कळायचे. आमच्या घरात तर ते पाण्यासारखे वापरात आले. आई सकाळी बाबांकडे बघून म्हणायची, आज तुझा बाप रांगतोय, चहा दे. दादाच्या लग्नाच्या बोलण्यांबद्दल विचारलं की उत्तर ठरलेलं: येते-जाते. लंबूकाका महिन्यातून दोनदा जेवायला यायचे आणि दारातून आत येताना वाकायचं विसरायचे. चौकटीला त्यांच्या डोक्याच्या तेलाचा डाग होता.

बाबा गेल्यानंतर ते दर रविवारी यायला लागले. गळका नळ, बिघडलेली बिजागरी, काही ना काही हातात घ्यायचे. आईशी बोलायचे नाहीत, माझ्याकडे बघायचे नाहीत. दादा म्हणायचा, बाप गेला, पण काका उरला.

तीन महिन्यांनी माझ्याकडे एक पाकीट आलं. सेवांवर देखरेख करणाऱ्या सरकारी कार्यालयाने सगळ्या कंपन्यांसाठी एक समाईक शब्दसूची करायचं ठरवलं होतं, आणि आधार घेतला होता बाबांच्या यादीचा. पहिल्या पानावर त्यांचं नाव असणार होतं. कार्यालयातल्या बाईंनी फोनवर सांगितलं की मुद्रितं मीच तपासावीत अशी त्यांची इच्छा आहे. बाबांचे पाच शब्द जसेच्या तसे ठेवले होते. सहाव्या ओळीला मात्र सरकारी कोट चढवला होता: कोणत्याही सेवादात्याच्या तंत्रज्ञाने ग्राहकासमक्ष अन्य तंत्रज्ञाने केलेल्या वर्णनाशी विसंगत वर्णन करू नये.

व्याख्या पडताळायला म्हणून मी बाबांच्या कामाच्या वह्या काढल्या. पोलिसांनी पिशवीतली चालू वही नेली होती, पण ती परत मिळाली होती आणि आईने न उघडता कपाटात ठेवली होती. बाबा प्रत्येक घरासाठी एक ओळ लिहायचे. पत्ता, मीटरचा आकडा, दिलेला शब्द. मीटर म्हणजे तारेतून येणारा उजेड मोजायचं हातात मावेल एवढं यंत्र. आकडा जितका मोठा तितकी लाइन दुबळी. वीस म्हणजे धडधाकट. सत्तावीसच्या पुढे गेली की कधी तुटेल सांगता येत नाही.

त्या माणसाचा पत्ता मला पाठ होता. खुनाच्या तीन दिवस आधीच्या पानावर तो होता. पुढे आकडा: एकोणतीस. त्यापुढे शब्द: चालते. आणि शब्दाखाली बाबांच्या बारीक अक्षरात: लंबूचा शब्द.

मग बाकीचं जुळवणं अवघड नव्हतं. कारण त्या माणसाचा जबाब मी इतक्यांदा वाचला होता की त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुकाही मला पाठ होत्या. त्याच्या घरी लाइन लंबूकाकांच्या कंपनीची होती. त्याची आई दुसऱ्या देशातल्या दवाखान्यात होती, दिवस मोजत. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तिथली नर्स तिच्यासमोर फोन धरणार होती. लाइनबद्दल त्याला शंका होती म्हणून त्याने कंपनीला बोलावलं. कंपनीचा माणूस येऊन चालते म्हणून गेला. तरी खात्री पटेना, म्हणून त्याने दुसरी कंपनी बोलावली, म्हणजे बाबांना. म्हणाला, कंपनीचा माणूस चालते म्हणून गेलाय, पण ही लाइन वाईट असेल तर आत्ता तुमची घालून द्या, फक्त खरं सांगा. बाबांनी गच्चीवर जाऊन मीटर लावला, आकडा बघितला, आणि सांगितलं, चालते. दुसऱ्या दिवशी अकरा वाजून चार मिनिटांनी आईचा चेहरा पडद्यावर गोठला. तोंड उघडं होतं, ती काहीतरी म्हणत होती. लाइन परत आली तेव्हा नर्सने फोन खाली ठेवला होता. संध्याकाळी ती गेली. आणखी दोन दिवसांनी त्याला बाबा शिडीवर दिसले.

जबाबात त्याने बाबांआधी आलेल्या माणसाला फक्त 'कंपनीचा माणूस' म्हटलं होतं. तो कोण, हे विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं.

लंबूकाका मला त्यांच्या कंपनीच्या यंत्रखोलीत भेटले. थंड, खिडकी नसलेली खोली. भिंतभर पिवळ्या तारा, हिरव्या दिव्यांची लुकलुक आणि पंख्यांची घरघर. एका खोक्यावर बसून ते काचेसारखी बारीक तार सोलत होते. मी उभ्यानेच विचारलं, त्या घरी तुम्ही मीटर लावला होता का? कुठलं घर, असं त्यांनी विचारलं नाही. तार बाजूला ठेवली. सांगितलं की जोडणीचा डबा गच्चीवर होता, गच्चीला कुलूप, चावी तळमजल्यावरच्या म्हातारीकडे, आणि ती त्या वेळी दार उघडेना. घरातल्या डब्याचा दिवा हिरवा होता. जिन्यातूनच चालते म्हणून सांगितलं आणि निघाले.

मी वही त्यांच्यासमोर धरली. त्यांनी हात पुसले, पण वही हातात घेतली नाही. वाकून वाचली.

"मला वाटलं होतं, तुझ्या बापानेही न बघताच सांगितलं," ते म्हणाले. "बघितलं होतं तर बोलला का नाही?"

"तुम्ही बोलला होतात म्हणून."

त्यांच्या नाकातून हसण्यासारखा काहीतरी आवाज आला. "गाढव होता गं तुझा बाप," ते म्हणाले. "तिथे मला शिवी घालायची, मोकळं व्हायचं. माझ्या शब्दाला एवढं कोण विचारतंय."

आता मला कळतं की यापेक्षा मोठं रडणं लंबूकाकांना येत नव्हतं. तेव्हाही बहुधा कळत होतं. पण कानात राहिलं ते गाढव.

संध्याकाळी भाजी चिरताना मी दादाला सांगितलं. रागाच्या भरात नाही. एक एक गोष्ट क्रमाने सांगितली, वही दाखवली, गच्चीचं कुलूप, म्हातारी, दिवा. दादा काय करेल हे मला पक्कं माहीत होतं. माहीत असून सांगितलं, हे इथे लिहून ठेवलं पाहिजे. त्याने फक्त विचारलं, उद्या सकाळी ते कुठे असतील? मी म्हणाले, साडेआठला गोदामाच्या आवारात शिड्या घ्यायला येतात. आणि मी त्याच्यासोबत गेले.

आवार काँक्रीटचं. एका भिंतीला ॲल्युमिनियमच्या शिड्या उभ्या केलेल्या, दुसरीकडे तारांची मोठी लाकडी रिळं. लंबूकाका एकटेच होते, शिडीच्या पायऱ्या हलवून तपासत होते. दादाला बघून ते ओळखीचं हसले. मग त्याच्यामागे मी दिसले, आणि ते हसू गेलं. शिडी त्यांनी नीट भिंतीला टेकवली. मला वाटतं, ती पडून दादाला लागू नये म्हणून.

दादाने थोबाडीत मारली. हा हात टायर ओढणारा; काकांचं डोकं शिडीवर आपटलं आणि शिड्यांची सगळी रांग खणखणत खाली आली. ते उठले. हात वर केला नाही. दादाने पोटात गुद्दा घातला, ते वाकले, आणि वाकल्यावर आमच्या उंचीचे झाले. मग तोंडावर. मग परत तोंडावर. रक्त आधी नाकातून आलं, नंतर ओठातून, आणि त्यात एक दात काँक्रीटवर पडून लांबपर्यंत घरंगळत गेला. दादा आयुष्यात पहिल्यांदा त्यांना अरेतुरे करत होता. बघितलं नाहीस ना, म्हणत होता, बघितलं नाहीस, साधं वर चढून बघितलं नाहीस. ते खाली पडल्यावर त्याने लाथा घातल्या. बरगड्यांवर, मांडीवर. उजवा हात उताणा पडला होता, त्याच्यावर टाच ठेवून वजन दिलं. बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकला. सुकलेल्या शेंगा मोडाव्यात तसा.

मी रिळाला टेकून उभी होते. घाव मोजत होते. सातच्या पुढे गेल्यावर मोजणं थांबवलं, बघणं थांबवलं नाही. मला बरं वाटत होतं. तीन महिन्यांत पहिल्यांदा छातीवरचं काहीतरी हललं होतं. पुस्तकांत मी असल्या प्रसंगांवरून अनेकदा गेले आहे, आणि लेखक खोटं लिहितो आहे असं समजून पान उलटलं आहे.

मग दादाने भुईवरची शिडी उचलली. दोन्ही हातांनी, डोक्याच्या वर. काकांनी एका उघड्या डोळ्याने तिच्याकडे बघितलं आणि मान वळवून घेतली.

मी म्हणाले, "दादा, पुरे."

तो लगेच थांबला. एका शब्दात. शिडी खाली ठेवली आणि धापा टाकत माझ्याकडे बघायला लागला, पुढे काय करायचं ते मी सांगावं म्हणून. हा शब्द मला दहा लाथांपूर्वी म्हणता आला असता, हे त्या क्षणी मला कळलं, आणि छातीवर जे हललं होतं ते पूर्वीपेक्षा घट्ट होऊन परत बसलं.

पहारेकऱ्याने आवाज ऐकून पोलिसांना फोन केला होता. तो फाटकापाशी होता, त्याने प्रत्यक्ष काही पाहिलं नव्हतं. दोन पोलीस आले, एक तरुण, एक निवृत्तीला आलेला. म्हाताऱ्याने काकांना भिंतीला टेकवून बसवलं, दुखापतीचा अंदाज घेतला आणि विचारलं, काय झालं?

दादा म्हणाला, शिड्या कोसळल्या. काका खाली सापडले. आम्ही भेटायला आलो होतो, तर हे असं.

म्हातारा पोलीस काकांकडे वळला. त्यांचा जबडा एका बाजूला सरकला होता, शब्द नीट बाहेर येत नव्हते. आधी त्यांनी मान हलवली. मग हलवणं पुरेसं नाही असं वाटून बोलले. "शिडी," ते म्हणाले, आणि ओठातून लाळ आणि रक्त गळलं. "पडली. पोराने... उचलली."

तरुण पोलीस दादाच्या मुठींकडे बघत होता. कातडी सोललेली होती. म्हाताऱ्यानेही ती बघितली असणार. पण मार खाल्लेलाच जर शिडी म्हणतो आहे, तर कागद लवकर संपतो. तो माझ्याकडे वळला तेव्हा त्याने वहीचं पान जवळजवळ मिटलं होतं.

"ताई, तुम्ही होतात ना इथे? शिडीच ना?"

काका माझ्याकडे बघत होते. दादाही. दोघांच्या चेहऱ्यावर एकच भाव होता, आणि तो विनंतीचा नव्हता. त्या दोघांना खात्री होती. दुसऱ्याने शब्द दिलेला असताना माणूस काय म्हणतो, याबद्दल आमच्या घरात कधी शंकाच नव्हती. बाबाही त्या दाराशी मीटर हातात घेऊन असेच उभे राहिले असतील. समोर एक माणूस, ज्याला उद्या अकरा वाजता आई बघायची आहे. आणि हो म्हणणं किती सोपं.

"नाही," मी म्हणाले. "माझ्या भावाने मारलं. मी सांगितलं म्हणून मारलं. मी बघत उभी होते, थांबवता येत असून थांबवलं नाही."

काकांनी डोळा मिटला. दादा हसला, मी चुकून काहीतरी बोलून गेले असं समजून. म्हातारा पोलीस सुस्कारा टाकून परत वही उघडू लागला. म्हणाला, बरं, का मारलं?

याचं उत्तर द्यायचं म्हणजे सगळंच सांगावं लागणार होतं. ते बाबांना मारणाऱ्या माणसाच्या वकिलाच्या कानावर जाणार होतं, कार्यालयातल्या बाईंच्या कानावर जाणार होतं, आईच्या कानावर जाणार होतं. ज्यांचं नाव पहिल्या पानावर छापायचं होतं, त्यांच्याबद्दल होतं ते.

"कारण माझे वडील खोटं बोलले होते," मी म्हणाले.

दादाचा हात मला दिसला नाही. कानशिलावर बसला आणि मी रिळावर जाऊन आदळले. लाकडाच्या कडेने भुवई फुटली. तरुण पोलिसाने त्याला मागून धरलं. दादा ओरडत नव्हता. लहान असताना मी त्याचं काही मोडलं की बघायचा, तसा बघत होता, आणि त्याचे हात पाठीमागे बांधले जात असताना त्याने तिकडे लक्षही दिलं नाही. म्हणाला, "बाबांचं नाव घेऊ नकोस. परत घेऊ नकोस."

रक्त डोळ्यात जात होतं. मी ते मनगटाने पुसलं आणि उभी राहिले. म्हाताऱ्या पोलिसाने मला खोक्यावर बसायला सांगितलं. मी बसले नाही.

"त्यांनी मीटर लावला होता," मी म्हणाले. "आकडा एकोणतीस होता."

त्याने विचारलं, एकोणतीस म्हणजे काय? मला समजेल असं सांगा.

मी पहिल्यापासून सांगायला लागले.